लेकीला कॉलेजात टेनिस खेळायचंय, दहावीपासून नक्की काय तयारी करायची? (अमेरिका)

ओहायोची_सई
नमस्कार मंडळी, एरवी वाचनमात्र असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकीच्या ग्रुपात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

लेक सोफोमोर, म्हणजे दहावीत आहे. लहानपणापासून टेनिस खेळते, शाळेच्या टीममध्ये सेकंड सिंगल्स, यूटीआर (टेनिसपटूंचं रेटिंग) ७ च्या जरासा खाली. परवा जेवताना एकदम म्हणाली की मला कॉलेजात टीमकडून खेळायचंय. आम्ही दोघं इंजिनियर, दोन्ही घराण्यांत मिळून कॅरमच्या पलीकडे कोणी काही खेळलेलं नाही. नवऱ्याचं म्हणणं, अर्जावर एक ओळ म्हणून खेळ ठीक आहे, त्याहून जास्त वेळ घालवू नये, त्यापेक्षा एपी कॅल्क्युलस (कॉलेजच्या पातळीचं गणित) घे. मला तिचं ते बोलणं नुसतं हवेतलं वाटलं नाही. शाळेतल्या काउन्सेलरला विचारलं तर तिने एक छापील पत्रक हातात ठेवलं आणि ऑल द बेस्ट म्हणाली.

तर कधी काय करायचं, कोचना मेल कोणी लिहायची, मुलीने का आईबापांनी, स्कॉलरशिप खरंच मिळते का नुसत्या पार्टीतल्या गप्पा, आणि आमच्यासारख्या एच-फोरवाल्यांचं (एच-वनबीवर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) काय? आय-१४०, म्हणजे ग्रीनकार्डसाठी कंपनीचा अर्ज, कधीच झालंय, ग्रीनकार्ड बहुतेक नातवंडांना मिळेल.

तांबडा_पांढरा
कॅरमला कमी समजू नका ओ, रात्रभर खेळून बघा मग कळेल. बाकी जाणकार येतीलच, मी चहा घेऊन बसलोय.

खडूस_काका
कटू बोलतो, राग मानू नका. शाळेत खेळणाऱ्या पोरांपैकी जेमतेम ७ टक्के पोरं कॉलेजात एनसीएएच्या (कॉलेज खेळांची मुख्य संघटना) कुठल्यातरी डिव्हिजनला खेळतात. डी-वनला, म्हणजे पहिल्या डिव्हिजनला, २ टक्क्यांच्या आसपास. एवढ्याशा शक्यतेसाठी दर वीकेंडला तीन-तीन तास गाडी हाकायची, हॉटेलं, प्रायव्हेट लेसन, दर दोन महिन्यांनी बूट. तेच पैसे इंडेक्स फंडात टाका, कॉलेजची फी निघेल. तुमचे मिस्टर बरोबर बोलतायत.

निळी_छत्री
काका, इंडेक्स फंड पहाटे साडेचारला स्वतः उठून पूलवर जात नाही, माझी मुलगी जाते :) आणि ७ टक्के हा सरसकट आकडा आहे, त्यात फुटबॉल-बास्केटबॉलची प्रचंड गर्दी धरलेली आहे. खेळागणिक गणित बदलतं.

बॅकहँड
सई, माझा मुलगा सध्या डी-थ्रीत टेनिस खेळतोय, धाकटी पुढच्या वर्षी त्याच रांगेत, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

आधी डिव्हिजनचं डोक्यात पक्कं करा. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं डी-वन म्हणजे पहिला नंबर, डी-थ्री म्हणजे उरलेले. तसं नाहीये. डी-वन आणि डी-टूमध्ये खेळाची स्कॉलरशिप असते. डी-थ्रीत खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही, गरजेनुसार किंवा मार्कांवर जी मदत मिळेल तेवढीच. पण एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, शिकागो, एमरी, कार्नेगी मेलन, विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट ही सगळी टेनिससाठी डी-थ्री आहेत. आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरे) डी-वनमध्ये असूनही खेळाची स्कॉलरशिप देत नाही. म्हणजे "टेनिसच्या जोरावर फुकट शिक्षण" हे फार थोड्यांच्या नशिबी, पण "टेनिसच्या जोरावर अ‍ॅडमिशनचं दार जरा किलकिलं होणं" हे बऱ्याच जणांना जमतं. माझ्या मते आपल्या घरांसाठी खरा फायदा तो दुसरा आहे.

आता यूटीआर. मुलींमध्ये वरच्या डी-वन टीमच्या लाइनअपमध्ये १० च्या आसपास किंवा वरच दिसतं. चांगल्या डी-थ्रीत ८-९. लेक आत्ता ७ च्या जवळ आहे आणि हातात दीड-दोन वर्षं आहेत, तर डी-थ्री अजिबात स्वप्नरंजन नाही. शाळेच्या टीमचं रेकॉर्ड कोच फारसं बघत नाहीत हे मनावर घ्या. शाळेकडून खेळू दे, मैत्रिणी मिळतात, मजा येते, पण रेटिंग वाढतं ते यूएसटीएच्या (अमेरिकन टेनिस संघटना) आणि यूटीआरच्या स्पर्धांमधून, आणि तिथेही आपल्याहून वरच्या पोरींशी खेळून. खालच्यांना ६-० ६-० हरवून कपाट भरतं, आकडा तिथेच राहतो.

मेल मुलीनेच लिहायची. आईबापांची मेल आली की कोच नम्रपणे उत्तर देतात आणि विसरतात. डी-वनचे कोच टेनिससारख्या खेळांत सोफोमोर वर्ष संपल्यावर १५ जूनपासूनच तिच्याशी रिक्रूटिंगचं बोलू शकतात, त्याआधी मेल केली तर कॅम्पची माहिती नाहीतर प्रश्नावलीची लिंक येईल, त्याने खट्टू होऊ नका. ऑफिशियल व्हिजिट, म्हणजे कॉलेजच्या खर्चाने भेट, ज्युनियर (अकरावीच्या) वर्षाआधीच्या १ ऑगस्टपासून. डी-थ्रीवाल्यांना मेल-फोनसाठी अशी तारीख नाही, ते आत्ताही उत्तर देतील.

अभ्यासाचं उद्या लिहितो, सामना सुरू होतोय.

चकली_बिघडली
वाचनखूण साठवली. बॅकहँड, तुम्ही पुस्तक लिहा.

तांबडा_पांढरा
अवांतर: कुस्ती आहे का हो या सगळ्यात? आमचा पुतण्या आयोवात राहतो, अंगापिंडाने मजबूत आहे, पण मातीत कधी उतरलेला नाही, गादीवरच शिकलाय बिचारा.

निळी_छत्री
अहो आयोवा म्हणजे इथलं कोल्हापूरच! कॉलेज कुस्ती बघायला तिथे स्टेडियम भरतं. मात्र शाळा-कॉलेजात खेळतात ती फोकस्टाइल, ऑलिंपिकमधली फ्रीस्टाइल नाही. आणि २०२५ मध्ये मुलींची कुस्तीही एनसीएएच्या चॅम्पियनशिप खेळांत आली. पुतण्याला बहीण असेल तर सांगा.

तांबडा_पांढरा
बहीण आहे, पण ती भरतनाट्यम करते. पायाची पकड मात्र जबरदस्त आहे.

बॅकहँड
हं, आता अभ्यास, कारण इथेच आपले लोक गाफील राहतात, आपली मुलं हुशारच असतात म्हणून.

डी-वन, डी-टूला खेळायचं तर एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरकडून पात्र ठरावं लागतं. नववीपासून १६ कोअर कोर्स, म्हणजे एनसीएएला मान्य मुख्य विषय, लागतात. डी-वनसाठी त्यातले १० सिनियर (बारावीचं) वर्ष सुरू व्हायच्या आत, आणि त्या १० तले ७ इंग्लिश, गणित, सायन्समधले. कोअर जीपीए (या विषयांची ग्रेड सरासरी) डी-वनला किमान २.३, डी-टूला २.२. आपल्या मुलांना हा आकडा हसण्यावारी वाटतो, पण गोची वेगळ्याच ठिकाणी होते. उन्हाळ्यात पुढे जायला म्हणून एखादा ऑनलाइन कोर्स केला आणि तो मान्यताप्राप्त यादीत नसला तर धरतच नाहीत. प्रत्येक शाळेची यादी एनसीएएच्या साइटवर असते, आज रात्री उघडून बघा. एसएटीची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढून टाकली, पण कॉलेज स्वतः मागू शकतं, एमआयटी मागतंच.

डी-थ्रीला एनसीएएची ही पात्रता नसते, तिथे कॉलेजची अ‍ॅडमिशनच मुख्य. बऱ्याच चांगल्या डी-थ्रीत ज्युनियर वर्ष संपलं की उन्हाळ्यात प्री-रीड होतं. म्हणजे कोच तिचं ट्रान्सक्रिप्ट, स्कोअर आणि सिनियर वर्षाचे विषय अ‍ॅडमिशन ऑफिसला नेऊन दाखवतो, आणि ते सांगतात की हिचं जमू शकतं का. तिथून हिरवा कंदील आला तर कोच "अर्ली डिसिजन कर, मी पाठीशी आहे" म्हणतो. अर्ली डिसिजन म्हणजे मिळालं तर यायचंच असा लवकरचा अर्ज. सगळीकडे कोचचं वजन सारखं नसतं. एमआयटीत शिफारस जाते पण सीट कोचच्या खिशात नसते. म्हणून कोचला सरळ विचारायचं, तुमच्या पाठिंब्याने गेल्या वर्षी किती जणांचं झालं? मुलांना हे विचारायला लाज वाटते. कोचना नाही वाटत, त्यांना रोजची सवय आहे.

म्हणून सई, तुमच्या मिस्टरांना सांगा की एपी कॅल्क आणि टेनिस यांचं भांडण नाहीये. डी-थ्रीच्या वाटेवर एपी कॅल्क हेच अर्धं टेनिस आहे.

खडूस_काका
चला, म्हणजे फिरून अभ्यासावरच आलात. मी काय वेगळं म्हणत होतो?

बॅकहँड
तुम्ही टेनिस सोडा म्हणत होतात काका.

निळी_छत्री
माझी मुलगी डी-वनला पोहते, तिथलं सांगते, कारण गेल्या दोन वर्षांत सगळंच हललंय. हाउस सेटलमेंट नावाचा खटला होता, जून २०२५ मध्ये कोर्टाने तडजोड मंजूर केली. आता कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला वरची मर्यादा साधारण २०.५ मिलियन डॉलर. वाचून हुरळून जाऊ नका, त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. आपल्याला लागणारी गोष्ट दुसरीच. जी कॉलेजं त्यात सामील झाली तिथे स्कॉलरशिपची जुनी मर्यादा गेली आणि टीममध्ये किती जण ठेवायचे याची मर्यादा आली. टेनिसला १०. पूर्वी मुलींच्या डी-वन टेनिस टीमला ८ पूर्ण स्कॉलरशिप असायच्या, मुलांना साडेचारच, त्या वाटून घ्यायच्या. आता नियमाने दहाही जणींना देता येते, पण द्यायलाच हवी असं नाही, आणि कॉलेजचं बजेट तेवढंच. बाकी खेळांत फटका बसला तो वॉक-ऑन मुलांना, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय टीमसोबत राहून वर चढणाऱ्यांना. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला नव्या टीममध्ये जागाच उरली नाही, त्याचा टाइम वाईट नव्हता. आयव्ही यात सामील झालं नाही, डी-थ्रीला तर याचा संबंधच नाही.

शिवाय ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. कोचला सतरा वर्षांची मुलगी घडवण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजातली तयार, वीस वर्षांची आयती मिळते.

डावखुरी
हा धागा मैत्रिणीने पाठवला म्हणून लॉगिन केलं. मी पुण्यातून डी-वनला टेनिस खेळायला आले होते, आता नोकरी करते. वरचं बहुतेक बरोबर आहे, एक भर घालते जी अमेरिकेतल्या पालकांना आवडत नाही. डी-वन टेनिसमध्ये निम्म्याहून जास्त खेळाडू परदेशी असतात. म्हणजे सईताईंच्या मुलीची स्पर्धा शेजारच्या गावातल्या मुलीशी नाही, स्पेन, चेक, जपानमधून आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धा खेळून आलेल्या मुलींशी आहे. आपल्याकडचेही येतातच. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं एनसीएएची सिंगल्स जिंकली होती. आपला अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला खेळला. ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमला होती, पुढे हांगझोच्या एशियन गेम्सला बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं गोल्ड तिचंच.

आता आतून कसं असतं ते. नियमाने सीझनमध्ये आठवड्याला २० तास आणि एक दिवस सुट्टी. प्रवास, पायाला टेप लावून घेणं, फिजिओकडे बसणं हे त्या २० तासांत धरत नाहीत. मी ऑरगॅनिक केमिस्ट्रीची मिडटर्म एका हॉटेलच्या ब्रेकफास्ट रूममध्ये दिलीय. समोर असिस्टंट कोच पेपरवर लक्ष ठेवून, मागे वॉफल मशीन दर दोन मिनिटांनी बीप करतंय, आणि तासाभरात डबल्सचा वॉर्म-अप. मला ते दिवस आवडले, पण माझी रूममेट दुसऱ्या वर्षी सोडून गेली आणि ती माझ्यापेक्षा चांगली खेळायची.

आणि कोच बघायला येतो तेव्हा तुमचा फोरहँड त्याने व्हिडिओत आधीच पाहिलेला असतो. डबल फॉल्ट झाल्यावर तुम्ही काय करता, लाइन कॉलवर किती वाद घालता, आणि मॅच हरल्यावर पाणी घेऊन आलेल्या आईशी कसं बोलता हे तो बघत असतो. हे मला आमच्याच कोचने नंतर सांगितलं.

ओहायोची_सई
बापरे, किती माहिती! डावखुरी, शेवटचं वाक्य लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं, तिने डोळे फिरवले. म्हणजे तिथेच नापास बहुतेक.

एच-फोरचं कोणी सांगेल का?

रांगेत_उभा
मी सांगतो, याच रांगेत केस पिकलेत. एच-फोरवर शिकता येतं आणि टीममध्ये खेळताही येतं, त्याला आडकाठी नाही. कॉलेज स्वतःच्या पैशांतून खेळाची किंवा मार्कांची स्कॉलरशिप देऊ शकतं. सरकारी मदत मात्र नाही, फाफ्सा (त्या मदतीचा अर्ज) आपल्यासाठी नाहीच. रेसिडेंट फी लागू होते का ते राज्यागणिक आणि कॉलेजागणिक वेगळं. आणि २१ व्या वर्षी एच-फोर संपतो, तोवर ग्रीनकार्ड आलं नाही तर मध्येच एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसा) जावं लागतं आणि मग बरेचदा ती इंटरनॅशनल स्टुडंट धरली जाते, फीची आणि मदतीची गणितं तिथे बदलतात. हे कॉलेजच्या ऑफिसला आधीच विचारून ठेवा. जाहिराती, ब्रँड, कोचिंग करून पैसे घेणं या भानगडीत एच-फोर किंवा एफ-वनवर वकिलाला विचारल्याशिवाय अजिबात पडू नका. क्लबमध्ये उन्हाळ्यात लहान मुलांना शिकवून मिळणारे शे-दोनशे डॉलरसुद्धा नकोत. बाकीच्या पोरी घेतात म्हणून आपली पण घेते, आणि ती नोकरी ठरते.

कोथरूडकर_बाबा
जरा आमचंही बघा. मुलगा पुण्यात नववीला, डेक्कनला खेळतो, एआयटीएच्या (भारतीय टेनिस संघटना) स्पर्धा खेळतो. आमच्याकडे सगळे म्हणतात दहावीला क्रीडा गुण मिळतील, अकरावीला स्पोर्ट्स कोटा आहे, बस झालं. अमेरिकेचा विचार करायचा तर आत्तापासून काय?

डावखुरी
काका, तीन गोष्टी. नववीचे मार्क धरले जातात, त्यामुळे "दहावीला बघू" चालत नाही. दरवर्षीची मार्कलिस्ट जपून ठेवा, शाळेच्या सही-शिक्क्याची. दुसरं, बारावीनंतर ड्रॉप घेऊ नका. टेनिसमध्ये बारावीनंतर कॉलेज सुरू करायला सहा महिन्यांचीच सवलत असते, नंतर स्पर्धा खेळत राहिलात तर कॉलेजचा सीझन हातचा जातो. जेईईसाठी एक वर्ष देऊ आणि मग टेनिसने जाऊ, हे जमत नाही. तिसरं, आयटीएफ ज्युनियर आणि यूटीआर. एआयटीए रँकिंग तिकडच्या कोचला काही सांगत नाही, यूटीआर सांगतं.

आणि सायन्सच घ्यायला हवं असं नाही. गणित ठेवा म्हणजे झालं.

कोथरूडकर_बाबा
शेवटचं वाक्य त्याच्या आजोबांना दाखवणार नाही.

हाडांचा_डॉक्टर
डॉक्टर म्हणून दोन शब्द. क्लिनिकमध्ये पंधरा-सोळा वर्षांची टेनिसपटू मुलं कंबरदुखी घेऊन येतात, आईबापांना वाटतं स्नायू आखडलाय, आणि कधी कधी मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर निघतं. सर्व्हिस करताना कंबर मागे वाकते आणि वळते, तेच शेकडो वेळा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी हवी आणि वर्षात दोन-तीन महिने आपल्या मुख्य खेळापासून लांब राहावं, सलग नाही जमलं तर तुकड्यातुकड्याने. आणखी एक ठोकताळा आहे, आठवड्याला जितकं वय तितक्या तासांपेक्षा जास्त नको. रेटिंग वाढवायच्या नादात डिसेंबरच्या सुट्टीत सलग चार स्पर्धा लावणारे पालक मी बघतो. दोन आठवड्यांहून जास्त दुखलं तर दाखवा, वर गोळी देऊन मॅचला उतरवू नका.

निळी_छत्री
डॉक्टरांना +१०० (आमच्याकडे खांदा).

चकली_बिघडली
आम्हाला एका रिक्रूटिंग सर्व्हिसचा फोन आला होता, "तुमच्या मुलीचं प्रोफाइल कोचेसनी पाहिलंय", पॅकेज काही हजार डॉलरचं. असलं घ्यावं का?

बॅकहँड
पाहिलंय म्हणजे कोणी ते विचारा, नाव सांगत नाहीत. आम्ही त्यांचा तासभराचा प्रेझेंटेशनचा कार्यक्रम ऐकला, त्यात जे होतं ते सगळं कॉलेजांच्या साइटवर फुकट आहे. प्रत्येक टीमच्या पानावर कोचचा ईमेल आणि प्रश्नावली असते, रोस्टर (टीममधल्या खेळाडूंची यादी) असतो. रोस्टर नीट वाचायला शिका. पुढच्या वर्षी किती सिनियर बाहेर पडतायत, किती जणी परदेशी, किती ट्रान्सफर. चार सिनियर जात असतील तर जागा आहे, एकही नसेल तर कोच कितीही गोड बोलला तरी जागा नाही. हे काम लेकीला लावा, मजा येते त्यांना, जरा गुप्तहेरगिरी असते.

खडूस_काका
मी शेवटचं विचारतो आणि गप्प बसतो. तिसऱ्या आठवड्यात गुडघा गेला तर? ते कॉलेज, ते गाव, तो मेजर तिला आवडणारे का?

डावखुरी
काका, आता खरा प्रश्न विचारलात. आमच्याकडे ज्या मुली फक्त टेनिससाठी कुठल्यातरी गावात गेल्या त्यांचं पहिल्या दुखापतीला अवघड झालं. माझा स्वतःचा नियम सांगते, व्हिजिटला गेल्यावर टीमबरोबर जेवा, पण एक तास कोचला न सांगता लायब्ररीत जाऊन बसा.

ओहायोची_सई
सगळ्यांचे खूप आभार. बातमी अशी की नवऱ्याने हा अख्खा धागा वाचला आणि शनिवारी सकाळी एक्सेल शीट उघडून बसला. कॉलेज, डिव्हिजन, रोस्टरमधल्या सिनियर किती, लाइनअपचा यूटीआर, कोचचं नाव, हवामान (हवामान कशाला कोण जाणे). लेक आणि तो दोन तास भांडले आणि ३० कॉलेजांची यादी झाली. तिला बायोलॉजी करायचंय हे आम्हाला त्या यादीमुळे कळलं.

तिने लिहिलेली पहिली मेल मराठीत सांगते: "प्रिय कोच, मी एक मेहनती आणि जिद्दी खेळाडू आहे. लहानपणापासून टेनिस हे माझं पॅशन आहे. तुमचं कॉलेज माझं ड्रीम स्कूल आहे..." पाठवू का?

बॅकहँड
थांबवा! नुसतं "प्रिय कोच" नको, आडनाव लिहा, नाहीतर एकच मेल सगळ्यांना गेली हे पहिल्या ओळीत कळतं. मेहनती-जिद्दी सगळ्याच असतात, ते काढा. पहिल्या दोन ओळींत ग्रॅज्युएशनचं वर्ष, यूटीआर आणि त्याची लिंक, जीपीए, गाव. मग एक वाक्य असं की जे फक्त त्याच कॉलेजला लागू पडेल, म्हणजे तिथली बायोलॉजीची एखादी लॅब किंवा टीमचा परवाचा निकाल. पुढच्या दोन महिन्यांत कुठल्या स्पर्धा खेळणार त्या तारखा. व्हिडिओ असेल तर संगीत न घालता सलग पॉइंट, हरलेलेही. आणि विषयाच्या ओळीतच वर्ष आणि यूटीआर टाका, कोच मेल फोनवर बघतात.

तांबडा_पांढरा
आणि डोळे फिरवण्याचं काही लिहू नका.

ओहायोची_सई
लिहिलं दुसरं. १४ ओळींची ७ झाली. उद्या शाळेतून आल्यावर तीच पाठवणार आहे, मला सीसीत ठेवायला नाही म्हणाली.

निळी_छत्री
उत्तम. आणि मिस्टरांना सांगा हवामानाचा कॉलम ठेवा, इनडोअर कोर्ट आहेत की नाही ते त्यावरून कळतं.